सतरावं घर

मनामाच्या सोनेबाजारात, तिसऱ्या मजल्यावर,
जिथं एसी ठिबकतो नि बादली मीच रिकामी करतो,
अरबाबनं निळ्या मखमलीची पेटी समोर ठेवली.
म्हणाला, दोन दिवस. पुसून, तपासून, एकेक खडा लिहून दे.

पेटीत चिठ्ठी. कुंजुमोननं फोनवर उलगडून वाचली:
इटलीतलं कुठलंसं उमरावघर, सतराशे ब्याण्णव,
नवरी ओर्तेन्सिया. आडनावावर पाणी सांडलेलं.

हार जड नाही. आमच्याकडच्या बायका हसतील,
एवढ्याशासाठी एवढं वऱ्हाड?
पण हिरे जुन्या पैलूंचे, हातानं घासलेले,
एक दुसऱ्यासारखा नाही.
ट्यूबलाइटखाली झोपल्यासारखे पडून होते.
मी दिवा घालवून मेणबत्ती लावली
तेव्हा कुठं डोळे उघडले त्यांनी.

समोरून चांदी, पाठीला सोनं,
प्रत्येक खड्याला मागून बंद घर, घरात वर्ख.
हे काम मला कळतं. त्या कारागिराची भाषा येत नाही,
पण त्यानं चिमटा कुठं टेकवला ते दिसतं.
खालच्या ओळीत एका जागी हात घसरलाय त्याचा.
दुपार असेल. जेवण झालं असेल.

सतरावं घर मानेमागं, आकड्याजवळ,
केसांखाली जाणारं.
भिंग तिथं थांबलं.
आत बुडबुडा, मोहरीएवढाही नाही.
काच.

पण बसवलीय हिऱ्याच्या मानानं.
वर्ख वेगळा, कडा पुन्हा दाबून गुळगुळीत.
म्हणजे खडा पडला नाही. काढला.
कुणीतरी अंधार पडल्यावर सोनाराच्या दारात उभी राहिली,
सगळ्यात कमी दिसणारं घर तिनंच मोजून दाखवलं.
कशासाठी, ते चिठ्ठीत नाही.

आम्ही खानापूरचे गलाई.
आटणीतलं सोनं धुरावरून ओळखणारे.
पहिल्या सुट्टीत, शालन झोपलेली,
तिच्या मंगळसूत्राची माहेरची वाटी माझ्या तळव्यावर आली
आणि तळव्याला कळलं.
बेंटेक्स.
व्हिसाच्या एजंटाचे शेवटचे अठरा हजार
भावाकडून आणले, म्हणाली होती.
मी वाटी होती तशी परत ठेवली.
पुढच्या खेपेला दुसरी घडवून नेली, तेवढ्याच वजनाची.
तिनं ती ओवली. खोटीही काढली नाही.
तीन वाट्या घालते.
बायका विचारतात. ती चहा टाकायला उठते.

अरबाबचा कागद इंग्रजी. शेवटी एक रकाना, शेऱ्याचा.
कुंजुमोन विचारतो, काय टाइप करू?
खडे छप्पन्न, मी सांगतो. हिरे पंचावन्न.
सतरावी काच, जुनी. बसवणी उत्तम.
म्हणजे किंमत उतरणार, तो म्हणतो.
उतरेल.

मेणबत्ती आणखी जवळ घेतली.
चमकते तीही. जरा उशिरानं.
बाहेर मगरिबची बांग सुरू झाली,
नि बादली भरून वाहायला लागली होती.