जांबोटीच्या पुढे, रविवारी

तिसऱ्या गेटपाशी अजून दिवे होते.
पिरनवाडीपर्यंत गोव्याचे ट्रक अंगाला घासून गेले,
किणये मागं पडलं तरी डिझेलचा वास
जाकिटातून जाईना.
जांबोटीत भज्यांची पहिली कढई तापत होती.
मग डावीकडे, जिथं डांबर एकदम संपतं,
कुणी बोलता बोलता गप्प व्हावं तसं,
तिथं उतरून टायरमधली थोडी हवा सोडली.

सहा दिवस उद्यमबागेत लेथपुढं उभा असतो.
कानात लोखंड भरतं.
रात्री उशीला डोकं टेकलं तरी आत कुणीतरी
बारीक चुरा पाडत राहतं.
आज चाळीस मिलिमीटर रबर, खाली जांभ्याची खडी :
करकर, करकर,
पाचोळ्यावर आलो की निराळंच काहीतरी,
आणि ओल्या मातीवर
काहीच नाही.
त्या काहीच नाहीसाठी मी साडेचारला उठतो.

फॉरेस्टच्या गेटवर इराप्पा वही पुढं करतो.
एल्लि होंटीरि?
इथंच. पुढं. असंच.
मी मराठीत सांगतो, तो कन्नडात लिहितो,
दोघांचंही भागतं.
वहीत माझ्या वरचं नाव मागच्या रविवारचं आहे.
तेही माझंच.

ऐन, किंदळ, वाटेवर वाकलेला बांबू.
उतारावर मूठ सैल ठेवायची, कोपरं मऊ.
दगडाकडे बघायचं नाही,
बघितलं की चाक तिकडंच जातं.
ओढ्यापलीकडे गव्याचं शेण, अजून वाफाळणारं.
थांबलो. म्हणजे, थांबणं झालं.
बराच वेळ एकही झुडूप हललं नाही.
मग एक हललं. वारा होता.

चढ संपतो तिथं पत्र्याची शेड.
तिच्यावर गावाचं नाव कधीकाळी दोन लिप्यांत होतं,
दोन्ही सारख्याच गंजल्यात.
बाकड्यावर एक बाई, मांडीवर पिशवी,
गुडघ्याला तेलकट फडकं.
“मागनं गाडी येऊलालीय काय?”
मी हसलो. कौतुकानं सांगितलं,
“छे हो मावशी, जांबोटीपास्नं एकही नाही!”
सांगून झाल्यावर
तो ‘एकही’ मला ऐकू आला.

ती रागावली नाही. यल्लूबाई तिचं नाव.
“मंगळवारीबी न्हाई आली,” म्हणाली,
“गुडघा दावायचा हुता. आनि कुकरची रिंग.”
मग उठून माझं चाक दाबून बघितलं,
म्हशीचं आचळ दाबावं तसं.
“हवा कमी हाय की रं.”
“मुद्दाम सोडलीय.”
“मुद्दाम?”
ह्यावर मला काही सुचलं नाही.

पिशवीतून तिनं जुनी रिंग काढली,
भेगाळलेली, तुरीच्या डाळीच्या वासाची,
आणि हँडलला अडकवली.
“हेच माप. मोटी आनू नको.”
रिंग मी नेऊ शकत होतो.
गुडघा नेऊ शकत नव्हतो.

परतीला तीच वाट, तीच करकर,
ओल्या मातीवर तेच काहीच नाही.
फक्त आता कान मागं लागले होते.
दोनदा वळून बघितलं.
एकदा तर बाजूला होऊन
वाटसुद्धा मोकळी करून दिली,
कुणाला, कुणास ठाऊक.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत व्हर्नियर लावला.
रबर सैल पडलेलं, माप दर वेळी वेगळं :
दोनशे सोळा. दोनशे अठरा. पुन्हा सोळा.
शेजारच्या मशीनवरचा बसलिंग डबा चाटूनपुसून आला,
म्हणाला, कुठला पार्ट रे हा? ड्रॉइंग कुठंय?
जांबोटीच्या पुढचा आहे, म्हटलं.
ड्रॉइंग नाही.

मग भोंगा झाला.