कानवाली टोपी

नाटकाचं नाव ‘बर्फात पुरलं कुंकू’.
तिसऱ्या अंकात एक रशियन डॉक्टर येतो,
आणि डॉक्टरला टोपी नव्हती.

कोट होता, वडशाच्या बँडवाल्याचा, सोनेरी बटणं काढलेला.
दाढी होती. बर्फाला पिंजाऱ्याकडचा कापूस.
शेंडे मास्तर म्हणाले, सोविंदा, टोपीचं तू बघ.

मी बघत फिरलो.
लाखांदूरच्या बाजारात माकडटोप्या,
अर्जुनीला मफलर,
केशोरीत एकानं दिवे गेल्यावर
अस्वलाचं कातडं उलगडलं.
ते मी पाहिलंच नाही, असं आमचं दोघांचं ठरलं.

गोठणगावच्या पुढं तिबेट्यांची वस्ती आहे.
धानाच्या बांध्या संपतात
आणि एकदम पताका लागतात, विटक्या, पाच रंगांच्या.
दुपारचे दोन. डिसेंबर असून सदरा पाठीला चिकटलेला.
बहुतेक दारांना कुलपं,
माणसं स्वेटर विकायला शहरांत गेलेली.
एका ओट्यावर एक बाई लाखोळीची डाळ निवडत होती.

टोपी पाहिजे, मी म्हटलं, रशियन. केसांची.
तिला मराठी समजेल न समजेल म्हणून
दोन्ही हातांचे कान केले
आणि गालांवर सोडले.
तिनं माझ्या काखेतली पोस्टरांची गुंडाळी पाहिली.
“काहून जी,” म्हणाली, “तुमच्या नाटकात थंडी हाय का?”

अगदी माझ्या थोरल्या मावशीचा हेल.
मी हात खाली घेतले.

पत्र्याच्या पेटीतून, डांबरगोळ्यांच्या वासातून
टोपी निघाली. करडी, माथ्यावर चेपलेली,
कान वर बांधलेले, जसं निजलेलं काहीतरी.
आतल्या शिवणीला चिठ्ठी : लुधियाना.

“ही कुठची रशियाची?” मी भाव पाडायला म्हटलं.
“मी तरी कुठची तिबेटची?
ह्याच खोलीत जन्मली.”
टोपी बापाची. इथल्या उन्हात घालणार कधी?
वर्षातून एकदा, लोसारच्या सकाळी,
आरशासमोर, दार लावून.

“विकाची नाही. भाड्यानं न्या.
एका खेळाचे वीस.”
चाळीस खेळ, आठशे रुपये.
नवी तीनशेला आली असती.
हे मला कळत होतं, तरी मी आगाऊ दोनशे मोजले.
“कान खाली बांधू नका,” तिनं मागून हाक मारली,
“काहीच आयकू येत नाही.”

पण मास्तरांना कान खालीच हवे होते.
शंकरपटाची रात्र, चार हजार माणूस,
मोरेश्वर कापगते डॉक्टर होऊन उभा,
हनुवटीखाली पक्की गाठ.
विंगेतून नाकाडे प्रॉम्प्ट करतोय,
आधी हळू, मग घसा फोडून,
पहिल्या रांगेला ऐकू गेलं, मोरेश्वरला नाही.
जनरेटर तेवढा बोलत होता.
टोपीतून घाम ओघळून दाढीचा डिंक सुटायला लागला.

तेव्हा त्यानं नायिकेची नाडी धरली
आणि जे तोंडात आलं ते बोलला, घरच्या बांधीतलं :
“लुचईस्की! चिन्नोरोव!
हिरानक्की... हिरानक्की...”
बायांनी पदर डोळ्यांना लावले.
माझ्या शेजारचा म्हातारा पोराला म्हणाला,
आता नाही वाचत ते. डॉक्टरनं सांगितलं ना.

पुढचे एकोणचाळीस खेळ तोच संवाद राहिला.

मार्चअखेर टोपी परत द्यायला गेलो.
मोहं पडत होती. उरलेले सहाशे दिले,
ते तिनं दोनदा मोजले.
टोपी उलटी करून वास घेतला.
“कोनाचा घाम हा?”
कापगते म्हणून आहेत, मी म्हटलं, सावरगावचे.
“रडवलं का लोकांले?”
रडवलं.

तिनं टोपी डोक्यावर चढवली, भर उन्हात,
कान सोडले, नाडी बांधली,
आणि सूप पुढं ओढून खडे वेचू लागली.
निघतो, मी म्हटलं.
मग जरा मोठ्यानं म्हटलं.
केशोरीची एसटी वळणावर हॉर्न देत होती.