पेव

राजमतीबाई गेल्या. मागे राहिलं
एक शिलाई मशीन, विश्रामबागेतली दीड खोली
आणि चौदा लाख,
मराठी शाळेतल्या बत्तीस वर्षांचे,
खडू झिजत गेला तसे साठत गेलेले.

वारस एकच. हरिपूरचे आदगोंडा अण्णा,
थोरले भाऊ, वय एक्याऐंशी,
जे हल्ली मागेल त्याला सही देतात
पाहुण्याला पाणी द्यावं तशी.
गेल्या वर्षी त्यांनी पाणी शुद्ध करायची
तीन यंत्रं घेतली. नळ एकच.
एका भाच्याने कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही नेली,
तर म्हणाले, "पोरगं चांगलं हाय,
पेन पण त्यानंच आणलंतं."

मिरजेच्या दवाखान्यात, खाट नंबर नऊ,
बाईंनी मला सांगितलं होतं:
"त्याच्या हातात एकदम देऊ नका, सर.
पण हातातून काढून घेतलंय
असंही त्याला वाटू देऊ नका.
एवढं वाक्य वकिलाला लिहिता येतंय का बघा."

वकिलाला आलं नाही.
त्याने लिहिलं: विश्वस्त, लाभार्थी, दरमहा,
दोन सह्यांशिवाय रक्कम निघणार नाही.
दुसरी सही औषधाच्या दुकानातल्या रेहाना मुल्लांची.
त्या माझ्यावर विश्वास ठेवत नाहीत,
म्हणून त्यांना निवडलं.

दर पाच तारखेला मी हरिपूरला जातो.
सहा हजार, सुट्ट्या नोटांत.
अण्णा मोजतात. पुन्हा मोजतात.
मोजताना त्यांचं वय उतरतं.
"राजीनं पाठवलं?"
पहिल्यांदा खरं सांगितलं,
ते दोन दिवस जेवले नाहीत.
आता म्हणतो, "त्यांचेच आहेत."
हे खोटं नाही. मी तपासून पाहिलंय.

श्रावणात त्यांनी मला चोर म्हटलं,
भर पारावर:
"माझ्या भणीचं पेव फोडलं ह्या मास्तरनं!"
मी वही काढली. हात थरथरत होते, माझे.
त्यांनी ती उलटी धरली.
रेहानाबाईंनी सुलटी करून
पै न् पै मोठ्यानं वाचली.
मला बरं वाटलं नाही.
वाटायला नकोच होतं.

मग तो 'पेव' शब्दच त्यांना
कुठंतरी खाली घेऊन गेला.
"हळद भरली की तोंड लिंपायचं, मास्तर,
वारा लागू द्यायचा न्हाई.
पन उघडल्यावर लगीच उतरायचं न्हाई.
आत कोंडल्याली हवा असती.
आदी कंदील सोडायचा दोरीनं.
इझला, तर वर बसायचं गप.
पोती कुटं पळून जात न्हाईत.
आमचा बाबू घाईनं उतरला."

बाबू कोण, मी विचारलं.
ते त्यांना आठवेना.
कंदील आठवत होता.

तेव्हापासून नोटा काढण्याआधी
मी उंबऱ्याशी जरा थांबतो,
त्यांच्या डोळ्यांत बघतो.
कधी उजेड असतो.
नसला तर नुसता चहा पिऊन परत,
पैसे दुसऱ्या दिवशी.

काल होता.
सहा हजारांतली दहाची नोट
चार घड्या करून त्यांनी माझ्या खिशात सारली:
"राजीला द्या. म्हनावं, भडंग खा.
समदं साठवत बसू नगं."

वहीत ती कुठल्या रकान्यात मांडायची
ते रेहानाबाईंनाही सांगता आलं नाही.