शेवटच्या ट्रामनंतर

पेच्केने तिन्ही लेन्स फ्लॅनेलमध्ये गुंडाळून दिल्या,
पावती दिली नाही.
म्हणाला, सोमवारपर्यंत. दोन परत, एकीचे पैसे.
मग दारापर्यंत येऊन,
बुरशी तेवढी बघून घे, रोस्विथा,
माझ्या डोळ्यांवर आता माझाच भरवसा नाही.

गोर्लित्सच्या त्या गल्लीत, भिंतीला पाठ लावून,
मी मागून टॉर्च धरून एकेक पाहिली.
ऐंशीची : आत धुळीचे चार कण, लपवाछपवी नाही.
एकशेवीसची : कडेला नखाएवढं धुकं.
एकशेपस्तीसची, भात्यावर बसणारी :
इतकी स्वच्छ, की संशय यावा.

घरी टेबलावर बर्चच्या सालीचा ओला तुकडा
आणि त्यावर तो.
मिलिमीटरभर, सहा पायांचा, पोटाखाली शेपूट दुमडून बसलेला,
फ्रिजमध्ये ठेवून सुस्त केलेला,
तरी चिमटा जवळ नेला की आधी असतो, मग नसतो.
फ्लॅशनेही उडतो, म्हणून दिवा मंद, शटर दोन सेकंद.
संग्रहालयाला त्याच्या पाठीवरचे केस हवेत,
मोजता येतील असे.

अकरा वर्षं मी ते केस मागते आहे फिल्मकडे
आणि ती मला लोकर देते.

बारा फ्रेमचा रोल. प्रत्येकीला चार.
भाता पुढे सरकवला, की उजेड मागे सरतो.
छिद्र बारीक केलं, की खोली वाढते,
पण एका मर्यादेपलीकडे प्रकाशच सांडतो कडांवरून,
सगळं थोडंथोडं मऊ होतं.
पुन्हा उघडलं, की एक केस स्पष्ट, शेजारचा धुक्यात.
हे सगळं मला पाठ आहे.
म्हणून तर दरवेळी लेन्सलाच बोल लावत आले :
ही काठाला ढिली,
ती मध्यावर गोड, पण नुसतीच गोड,
आणखी एक आणायला हवी.

रोल धुतला. बारा फ्रेम, बारा वेळा लोकर.

खालचा ड्युर्लिख मुरंब्याची बरणी परत द्यायला आला.
त्याने ना निगेटिव्ह पाहिल्या, ना लेन्स.
टेबलावरच्या पेल्याकडे बघत राहिला.
पाण्यावर वर्तुळं उठली, विरली.
तीन नंबर, म्हणाला. एक मिनिट उशिरा.
आणि मग जरासा ओशाळून,
तेहेतीस वर्षं हे घर मीच हलवलंय, बाई.

म्हणजे अंगण वाकडं नव्हतं,
नाचही काही वाईट नव्हता माझा.
अंगणच थरथरत होतं,
वेळापत्रकानुसार.

रात्री पाऊणला शेवटची ट्राम डेपोकडे गेली.
ड्युर्लिखने खालून हीटरच्या नळीवर दोनदा टकटक केलं :
गेली.
ती टकटक विरेपर्यंत मी थांबले.
कॅमेऱ्यातला आरसा आधीच वर उचललेला,
केबल बोटांत,
श्वास कुठेतरी अर्ध्यावर.

सकाळी ओल्या फिल्मला डोळा लावला.
तिन्हींत केस.
मागच्या पायाजवळचा तुटका एकसुद्धा.
धुकं असलेलीतही, काळा थोडा कमी काळा,
पण केस न् केस.

अकरा वर्षांत परत केलेल्या लेन्स मोजायला बसले
आणि सातवीनंतर उठले.

सोमवारी पेच्केला दोन दिल्या.
कुठली ठेवलीस?
एकशेपस्तीसची.
सगळ्यांत धारदार, नाही का?
नाही, तिघी सारख्याच.
ही लांबून बघते.
हिची सावली त्याच्यावर पडत नाही
आणि तो बसून राहतो.

पेच्केने चष्मा पुसला, आज पावती लिहिली.
बाहेर तीन नंबर वळत होती.
त्याच्या कपाटातल्या सगळ्या लेन्स
एकमेकींना लागून
किणकिणल्या.