कुठल्या शाळेत?

उद्यमनगरातून निघालो, चार गाड्या.
पूर ओसरून नऊ दिवस झालेले.
सगळ्यांत पुढं इकबाल अत्तारची जुनी जिप्सी,
जिचं इंजिन दोनदा बदललंय, रंग एकदाही नाही.
"पंधरा दिवस लोकं ओढून काढली," तो म्हणाला,
"एक रात्र आपली. पठारावर. फोन बंद."
नको कुणीच म्हणालं नाही,
हो म्हणताना कुणी कुणाकडं बघितलंही नाही.

शहर अजून फुटांत बोलत होतं.
टपरीवर, पेट्रोल पंपावर,
बंधाऱ्यावर आता किती आणि दूध केवढ्याला
एकाच दमात.
पूल ओलांडला तेव्हा नदी इतकी खाली, इतकी गरीब,
की संपदा म्हणाली, हीच होती का ती?

आंबेवाडीच्या पुढं
उसाला विंचरून एकाच दिशेला झोपवलेलं.
विजेच्या तारेवर एक परकर.
आणि भिंतींवर ती रेघ, घरोघर एकाच उंचीची,
गवंड्यानं ओळंबा लावून मारल्यासारखी.
रेघेच्या वर देव, कोरडे.

फोन म्हणत होता, सरळ जा.
सरळ ओढा होता.

मग बाबगोंडाची नवी थार रुतली.
बॉनेटच्या बाजूनं नळी वर काढलेली,
पाण्यातसुद्धा श्वास घेणारी,
हप्ते चालू असलेली थार,
पाण्यात नव्हे, गाळात.
विंचची तार करंजाला बांधली, बटण दाबलं.
गाडी हलली नाही.
झाडच यायला लागलं आमच्याकडं
सावकाश, मुळांसकट, हाक मारल्यासारखं.
"बंद कर! बंद कर की रं!"
किती दिवसांनी हसलो, पोट धरून.
बांधावर उभी असलेली बाई हसली नाही.

तिच्या काखेत गोधडी, तिसऱ्यांदा धुतलेली.
तिनं आमच्या तंबूच्या पिशव्या बघितल्या,
शेगडी, घडीच्या खुर्च्या.
"कुठं निघालाय?"
"कॅम्पला, मावशी."
तिचा चेहरा एकदम मऊ झाला.
"अजून हाईत व्हय कॅम्प? कुठल्या शाळेत?
आमी अकरा दिवस होतो. सातवी ब.
फळ्यावर कुणाचं तरी गणित होतं अर्धं.
आमी पुसलं न्हाई."

बाबगोंडा टायर तपासायला वाकला
आणि वाकलेलाच राहिला.
मी म्हणाले, पठारावर.
"तिथं शाळा हाय?"
"नाही."
"मग पाणी न्या भरून," ती म्हणाली.

तिचा पुतण्या ट्रॅक्टर घेऊन आला,
मिसरूडही न फुटलेला.
एका हिसक्यात थार बाहेर.
पैसे घेईना.
"जिप्सीवाल्या काकांकडनं कसं घेऊ?"
इकबाल त्याच्याकडं बघत राहिला.
पुढं गाडीत म्हणाला, "अंधार असायचा.
मला नुसते हात आठवतात."

पठारावर धुकं, आणि जांभ्यात खिळे जाईनात.
तंबूच्या दोऱ्या चाकांना बांधल्या.
भडंग खाल्लं, वाऱ्यानं निम्मं नेलं.
फोन कुणीच बंद केला नव्हता.
दहाला कुणीतरी बंधाऱ्याची पातळी वाचून दाखवली,
न विचारता.

वास येतोय म्हणून इकबालनं
जिप्सीचं मागचं मॅटिंग उचललं.
बॅटरीच्या उजेडात शाळू उगवलेला,
जॅकच्या शेजारी, सीटच्या खाली,
बोटभर, पिवळा, ऊन न बघितलेला.
त्या घाईत कुणाचं तरी पोतं फाटलं असणार.
संपदा झाडणी घेऊन आली आणि
हातात धरून उभी राहिली.
त्यानं मॅटिंग गुंडाळून दगडाखाली ठेवलं,
मागचं फाळकं उघडंच टाकलं.
सर आली तर सीट भिजेल, मी म्हणाले.
"भिजलेलीच हाय ती."

मग बऱ्याच वेळानं, तंबूतनं:
"जाताना त्याच वाटेनं जाऊ.
त्या करंजाच्या मुळांवर
माती ओढायची ऱ्हायलीय."