सोबत : एक बाटली

इंद्रभुवनच्या फाटकाबाहेर, कडुलिंबाखाली
माझं टेबल आहे, टाइपरायटर आहे.
त्याचा 'ळ' उठत नाही.
'नळ' आला, 'काळे' आले
की तेवढी जागा मोकळी सोडतो, मागून पेनाने भरतो.
एका अर्जाचे चाळीस रुपये.
भूदेवी चिट्यालकडून पहिल्या तीन अर्जांचे घेतले,
पुढच्यांचे नाही. यात मोठेपणा कसला,
मजकूर तोच, फक्त तारीख बदलायची.

ती सांगते :
"पाणी आला ओ अण्णा. रात्री अडीचला आला. काळा आला."
मी टाइप करतो : पाणी आले. काळे आले.
माझ्या हातून तेवढंच दुरुस्त होतं.

पाचव्या दिवशी सुटलेला नळ.
पाचव्या दिवसाचं पाणी भद्रावती पेठेत कोण सोडतो?
घागर भरली, कुकर भरला,
पोरीची शाळेची बाटली भरली अंधारातच.
सहस्रा. वय वर्षे सात.
दुपारी जुलाब, दिवेलागणीला डोळे आत गेले,
सिव्हिलमध्ये पहाटे चादर तोंडावर ओढली,
आपल्याच गावची चादर.
घागर, कुकर ओतून झालं, घासून झालं.
दप्तरातली बाटली कुणाच्या ध्यानात राहिली नाही,
तेरावा होईपर्यंत.

मी टाइप करतो तेव्हा तिची बोटं
मांडीवर वळत असतात,
पान नाही, तंबाखू नाही, दोरा नाही,
नुसतीच.
हजार विड्या वळल्या की दिवस भरतो.
हजाराचंच नाव ठेवलं होतं पोरीला, नवऱ्याच्या हौसेनं.

उत्तर आलं अकरा महिन्यांनी.
"आपली मुलगी कु. सहारा हिच्या मृत्यूचा
पाणीपुरवठ्याशी थेट संबंध दिसून येत नाही."
पाण्याची लाइन एका खात्याची,
ड्रेनेजची दुसऱ्या,
दोन्ही ज्या खड्ड्यात एक झाल्या
तो खड्डा कुणाच्याच नकाशावर नाही.
मी वाचून दाखवलं. ती म्हणाली,
"आमचा चेकरपण छाट काढतो अण्णा.
पण सांगून काढतो. पान फाटला, तोंड सैल, तंबाखू कमी.
ह्यांनी पोरीचा नावपण बघितला नाय."

रकान्यात रक्कम लिहायची होती.
किती लिहू, विचारलं.
तिचे ओठ तेलुगूत हिशेब करत राहिले,
उन्हात, बराच वेळ,
मधे दोन गिऱ्हाइकं आली नि गेली.
"पाच लाख," म्हणाली.
मग खाली वाकून, हळूच :
"जास्त झाला का?"
माझी बोटं पाचाच्या आकड्यावर तशीच.

चौथ्या वर्षी सुनावणी लागली.
टेबलावर ताडपत्री टाकून मीही गेलो.
साहेबांनी बाटली खिडकीकडे धरली, गुलाबी झाकणाची,
आणि म्हणाले,
बाई, हे तर स्वच्छ दिसतंय.

खरंच दिसत होतं.
चार वर्षं फळीवर, देवांच्या शेजारी,
हलली नाही की सांडली नाही.
वर आरपार पाणी,
खाली बोटाच्या पेराएवढं
गप्प बसलेलं.

भूदेवीनं बाटली त्यांच्या हातातून घेतली.
बोलली नाही.
डोस पाजण्याआधी हलवतात तशी
एकदा खाली, एकदा वर,
आणि त्यांच्या फाइलीवर ठेवली.
पंखा फिरत होता. शिपाई बघत होता.
फाइल ओली होईल म्हणून
साहेबांनी आधी फाइल बाजूला घेतली.
मग पुढची तारीख दिली.

आता नववा अर्ज.
सोबत : मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड,
सिव्हिलचा केसपेपर,
आणि एक बाटली, त…ाशी गा… .
दोन्ही 'ळ' पेनाने भरले.
शाई सुकेपर्यंत ती उभी होती.
निघताना वळली.
"अण्णा, अजून एक लिवा खाली.
बघायच्या आधी हलवायचा."