रात्री दोनचा डोस

त्रिवेणी, तोंडावर पाणी मारून ये.
दोनला सात मिनिटं आहेत.
आठ नंबरची मेरोपेनेमची कुपी उजेडात धर,
नाव वाच, तारीख वाच. मोठ्यानं. मला ऐकू दे.

येमूलांच्या कागदावर काल दर आठ तासांनी होतं,
आज बारा.
संध्याकाळी क्रिएटिनिन वर गेलं,
डॉक्टर वाघधरेंनी जुना आकडा खोडून शेजारी सही केली.
सही नसती तर मी त्यांना झोपेतून उठवलं असतं.
तू करी रोडच्या चाळीतली ना?
मग सांग, मोरी तुंबलेली असताना
कुणी भरली बादली ओततं का?
किडनीचं तसंच.
तुंबलेलं पाणी उंबऱ्याशी येतं,
तुंबलेलं औषध डोक्याशी.
पहिला डोस मात्र पूर्ण दिला होता, हेही लक्षात ठेव.
आग लागलेल्या घरात हात आखडत नाहीत.

आणि तो कल्चरचा रिपोर्ट बघ,
एकाखाली एक आर, आर, आर,
शेवटून दुसऱ्या ओळीत एक एस.
त्या एका अक्षरावर हा माणूस झोपलाय.
याच्यापुढे आपल्या कपाटात फारसं काही नाही,
म्हणून उरलीय म्हणून एक कुपी जास्त नाही,
ताप उतरला म्हणून आपल्या मनानं एक कमी नाही.

पेनिसिलीनचं विचारलंस?
गांध्या उठल्या होत्या का कधी, घसा आवळला होता का?
विचारलंस. बरं.
आणि फिटचं?

तांडेलांचा प्रभंजन याच खाटेवर होता,
बावीस वर्षांचा, फोर्टात झेरॉक्सच्या दुकानात.
मी घड्याळ लावून डोस दिले,
दहा, सहा, दोन. एक मिनिट इकडचं तिकडे नाही.
त्याची आईही घड्याळ लावून
कनवटीच्या पुडीतली गोळी देत होती,
लहानपणापासूनची, फेफऱ्याची.
तिला वाटलं आम्हाला माहीत आहे.
आम्ही विचारलंच नव्हतं.
माझं औषध तिच्या गोळीला रक्तातून पुसत होतं
आणि आम्ही दोघी आपापल्या वेळा पाळत होतो.

तिसऱ्या रात्री चार वाजता खाट वाजायला लागली.
कुणी म्हणालं, गोळी दुप्पट करा.
खालून फार्मसीच्या देवस्थळी बाई चपलेविना वर आल्या,
म्हणाल्या, दुप्पट काय, चौपट केलीत तरी चढणार नाही,
फिटचं दुसरं औषध लावा नाहीतर हे बदला.

वाचला तो.
जिभेचा कडेचा तुकडा गेला,
अजून ‘सिस्टर’ म्हणताना र गिळतो.
फोर्टला कागद काढायला गेले की पैसे घेत नाही.
मी दुसऱ्या दुकानात जायला लागलेय.

तर आता येमूल मावशींना उठव.
हळू, दचकतात त्या.
मराठी कळलं नाही तर खुणेनं विचार,
हात थरथरवून दाखव, लाजू नकोस.
पिशवी पलंगावर पालथी कर.
रुमाल, चष्म्याची काडी, अर्धा बिस्किटाचा पुडा,
देवाचा अंगारा, बिनानावाची पुडी असेल तर ती आधी मला दे.

दोन वाजले, दिसतंय मला.
डोस पाच मिनिटांनी गेला तर
मी कागदावर खरी वेळ लिहीन.
आधी पिशवी.